पंप आईच्या हातात द्या

वाचकाचं पत्र

ताई, माझी आई ६८ वर्षांची आहे. डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात भावाकडे राहते, मी लग्नानंतर फोंड्याला. काही वर्षांपासून तिला दम लागतो. डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार, सांगितलंय. गेल्या पावसाळ्यापासून दोनदा तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. घरी फवाऱ्याचा एक पंप आहे आणि कॅप्सूल घालून ओढायचं एक मशीन आहे. मागच्या महिन्यात मी राहायला गेले तेव्हा कळलं, मशीनच्या कॅप्सूल ती पाण्याबरोबर गिळत होती! किती महिने, देव जाणे. भाऊ म्हणतो, आई हट्टी आहे. बरं वाटलं की ती औषध बंद करते, 'पंपाची सवय लागते' म्हणते. शेजारीण आली की पंप उशीखाली जातो. देवळातलं सोमवारचं भजनही तिने सोडलं. भावाने रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर आणलाय, तो सारखा तिच्या बोटाला लावतो आणि ९२ दिसलं की मला फोन करतो. तो सोप्यावर सिगारेट ओढतो, पण आईपासून लांब बसून. मी रोज तीनदा फोन करून 'औषध घेतलंस?' विचारते, ती 'घेतलं' म्हणते. आता त्यावर माझा विश्वास राहिलेला नाही. व्हिडिओ पाठवले, लेख वाचून दाखवले. मराठी चौथी शिकलेली, रोज पेपर आणि पोथी वाचणारी बाई. मग तिला हेच का समजत नाही?

— एक लेक, फोंडा

उत्तर

ताई, सर्वांत आधी कॅप्सूलचं बोलू. त्या गिळल्याबद्दल आईंना कुणी रागावलं असेल तर ते आजच मिटवा. श्वसनविकारांच्या वॉर्डात मी परिचारिका म्हणून काम केलं आहे. ही चूक शिकलेल्या, नोकरदार माणसांकडूनही होताना मी पाहिली आहे. जन्मभर कॅप्सूल म्हणजे गिळायची वस्तू. कागदावर इंग्रजीत लिहिलेलं असतं, एक सकाळी, एक रात्री. डब्यावरची सूचनाही इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत. आईंनी कागदावरचं अगदी नेमाने पाळलं, आणि याला तुमचा भाऊ हट्ट म्हणतो.

या चुकीचा एक परिणाम मात्र तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. ती पूड श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरावी म्हणून बनवलेली असते. गिळली तर दमावर तिचा म्हणण्यासारखा उपयोग होत नाही. म्हणजे आई औषध घेत आहेत असं धरून डॉक्टर पुढचे निर्णय घेत होते, आणि प्रत्यक्षात त्यांना औषध मिळतच नव्हतं. अशा वेळी डॉक्टरांना वाटतं की औषध कमी पडतंय, आणि ते मात्रा वाढवतात किंवा आणखी एक औषध जोडतात. म्हणून पुढच्या भेटीत पहिलं वाक्य हेच असू द्या: 'इतके दिवस कॅप्सूल गिळल्या जात होत्या.' लाजू नका. ही माहिती डॉक्टरांना एखाद्या एक्स-रेपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

तुम्ही विचारता, तिला हेच का समजत नाही. मला वाटतं, आईंना आजवर सांगितलं खूप, दाखवलं कुणीच नाही. श्वास आत कसा ओढायचा हे लेख वाचून किंवा व्हिडिओ पाहून येत नाही. समोर बसून कुणीतरी ते करून घ्यावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं, कारण नीट शिकलेली पद्धतही काही महिन्यांत बिघडते. तुमच्या आईंपुढे तर अडचण दुहेरी आहे. घरात दोन साधनं आहेत आणि दोन्हींची रीत एकमेकांच्या उलट आहे.

फवाऱ्याच्या पंपात श्वास सावकाश घ्यायचा असतो. पंप हलवायचा, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, पंपाचं टोक तोंडात धरून त्याभोवती ओठ घट्ट मिटायचे, हळूहळू आत ओढायला लागतानाच दाबायचं, ओढत राहायचं आणि मग जमल्यास १० मोजेपर्यंत श्वास धरायचा. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून. कॅप्सूलच्या मशीनमध्ये मात्र श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो, नाहीतर पूड मशीनमध्येच बसून राहते. त्यात श्वास सोडायचा नाही, तोंड बाजूला करून सोडायचा, कारण तोंडातली वाफ लागली की पुडीच्या गाठी होतात. ओढून झाल्यावर कॅप्सूल उघडून पाहायची. पूड उरली असेल तर पुन्हा ओढायचं. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत कॅप्सूल आधी काढून ठेवू नका, ओल्या हातांनी धरू नका, आणि डबा न्हाणीघराजवळ तर नकोच. मशीन धुतलं तर पूर्ण सुकल्यावरच वापरायचं.

एक रीत सावकाश, दुसरी जोरात. ६८ वर्षांच्या, आधीच दम लागलेल्या बाईने ही दोन्ही वेगवेगळी लक्षात ठेवायची! म्हणून डॉक्टरांना थेट विचारा, 'दोन्ही औषधं एकाच प्रकारच्या साधनातून देता येतील का?' पुष्कळदा देता येतात. आईंना पूड जोरात ओढणं जमत नसेल तर फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर जोडून मिळतो का, तेही विचारा. स्पेसर म्हणजे प्लॅस्टिकची पोकळ नळी. फवारा तिच्यात मारायचा आणि दोन-चार शांत श्वासांत आत घ्यायचा, दाबणं आणि ओढणं एकाच क्षणी साधायची धडपड उरत नाही. वयस्कर माणसांसाठी मला तो फार मोलाचा वाटतो. तो साबणाच्या पाण्यात बुडवून धुवायचा आणि न पुसता तसाच निथळत सुकवायचा. फडक्याने घासला तर औषध आतल्या बाजूला चिकटतं.

आता 'सवय लागते' या भीतीबद्दल. ही भीती घराघरांत आहे आणि ती हसण्यावारी नेऊन जात नाही, आकडा सांगितला तर जाते. दम मोकळा करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात सहसा १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या ४ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या चाळीसपट. गोळीला 'साधं औषध' आणि पंपाला 'कडक औषध' समजणारे आपण नेमकं उलटं समजतो. पंपाने थोडं औषध थेट जागेवर जातं, गोळीचं अंगभर फिरतं आणि हात थरथरतात, छाती धडधडते.

आईंना दोन औषधांतला फरकही कळायला हवा. एक तात्काळ दम मोकळा करणारं, लागेल तेव्हा घ्यायचं. दुसरं रोजचं, बरं वाटत असलं तरी घ्यायचं, कारण ते घेतल्यानेच बरं वाटत असतं. कोणतं कुठलं हे रंगावरून ठरवू नका, कंपनी बदलली की रंग बदलतो. डॉक्टरांकडून खात्री करून घ्या आणि डब्यावर पांढरी पट्टी चिकटवून आईंच्याच अक्षरात लिहू द्या: 'रोजचं' आणि 'दम लागल्यावर'. रोजच्या औषधात स्टिरॉइड असेल तर घेतल्यावर गुळण्या करून पाणी थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो. भजन म्हणणाऱ्या बाईला हे कारण लगेच पटेल.

आजार काय आहे, हेही आईंना कुणी सांगितलंय का? 'तुम्हाला सीओपीडी आहे' हे सांगणं झालं असेल, पण त्यातून त्यांना काय कळणार? त्यांना असं सांगा: फुफ्फुसांतल्या नळ्या आतून सुजून अरुंद झाल्या आहेत, आणि जुन्या कपड्याच्या इलॅस्टिकसारखा फुफ्फुसांचा ताण सैल पडला आहे. त्यामुळे आत गेलेली हवा पूर्ण बाहेर येत नाही, आणि नवी हवा घ्यायला जागा उरत नाही. गेलेलं परत येणार नाही, पण आहे ते जपता येतं आणि दम पुष्कळ कमी करता येतो. आणि हे नक्की सांगा की बिडी-सिगारेटला हात न लावलेल्या बायकांनाही हा आजार होतो. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसून फुंकणी फुंकली, उकडे तांदूळ शिजवले, चुडतं आणि सोडणं, म्हणजे माडाची झावळं आणि नारळाची सालं, जाळून भाणातलं, न्हाणीतल्या मोठ्या हंड्यातलं, पाणी तापवलं, त्याचा धूर छातीत साठत गेला. यात लपवण्यासारखं काय आहे? पंप उशीखाली जातो तो याच लाजेपोटी असेल, असं मला वाटतं.

एक गोष्ट तपासून पाहा. आईंची स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकायला लावून करतात ती तपासणी, झाली आहे का? सीओपीडीचं निदान तिच्यावर ठरतं, नुसत्या एक्स-रेवर नाही. आपल्याकडे दम लागणाऱ्या सगळ्यांना सरसकट 'दमा' म्हणतात, पण दमा आणि सीओपीडी यांचे उपचार सर्वस्वी सारखे नसतात. झाली नसेल तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या हॉस्पिटलात, चौकशी करा.

आता तुमच्या तीन फोनांकडे येते. मला तुमची काळजी कळते. फोंड्याला बसून दुसरं करणार तरी काय? पण 'घेतलंस?' या प्रश्नाला 'घेतलं' याशिवाय उत्तर नाही. कॅप्सूल गिळत होत्या तेव्हाही आई खरंच सांगत होत्या, घेतलं म्हणून. तीन फोन बंद करा, एक ठेवा, आणि त्यात वेगळं विचारा. 'आई, मशीन कसं ओढतेस ते मला सांग, मला शिकायचंय.' त्या सांगतील तेव्हा मध्ये तोडू नका. कुठे अडतात, काय गाळतात, ते लिहून ठेवा आणि रविवारी गेलात की करून दाखवायला सांगा. जे सांगितलं ते समोरच्याकडून त्याच्याच शब्दांत परत ऐकणं, ही वॉर्डातही समजलं की नाही हे पाहायची सर्वांत भरवशाची रीत आहे. 'समजलं ना?' विचारलं की सगळे मान हलवतात.

डॉक्टरांकडेही हेच करा. ओपीडीत रांग मोठी असते, डॉक्टरांना घाई असते, म्हणून आईंचे प्रश्न आदल्या दिवशी चिठ्ठीवर त्यांच्याच हाताने लिहून घ्या. दोन-तीन पुरेत. आत गेल्यावर तुम्ही बोलू नका, त्यांना विचारू द्या. निघताना त्यांनीच म्हणावं, 'डॉक्टर, मी काय करायचं ते सांगते, बरोबर आहे का बघा.' आणि पंप पिशवीत घालून न्या. नर्ससमोर किंवा फार्मसीत औषध देणाऱ्यासमोर ओढून दाखवा. प्रत्येक भेटीत, नेमाने.

यातून घरी एकच कागद तयार करा. मराठीत, मोठ्या अक्षरात, आईंच्या हातचा. जी बाई पोथीची पानं वाचते तिला स्वतःच्या औषधांचा कागद वाचता येऊ नये, हा दोष तिचा नाही. त्या कागदावर तीन प्रकारचे दिवस असू द्या. पहिला रोजच्यासारखा दिवस: दम नेहमीइतका, कफ नेहमीइतका, रोजचं औषध चालू.

दुसरा बिघडलेला दिवस, आणि माझ्या मते सगळा जोर इथे द्यायला हवा. हॉस्पिटलात जायची वेळ बऱ्याचदा एका रात्रीत येत नाही, दोन-तीन दिवस आधीपासून शरीर सांगत असतं. कफ वाढतो, दाट होतो, पिवळा किंवा हिरवा दिसतो. दम लागल्यावरचा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागतो. आडवं झोपवत नाही, उशा वाढतात. पाय सुजतात. आणि तुमच्या आईंसाठी एक खास खूण: रोज संध्याकाळी दिव्यापाशी म्हणायची आरती. जी ओळ एरवी एका श्वासात होते ती मध्येच तुटायला लागली तर ते लक्षात ठेवायचं. यातलं काही दिसलं की 'उद्या बघू' नको, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात. काही रुग्णांना डॉक्टर अशा वेळेसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा अँटिबायोटिकचा छोटा कोर्स आधीच लिहून देतात. आईंना तसा देता येईल का, विचारा. दिला तर कधी सुरू करायचा आणि किती दिवस, ते कागदावर हवं. मधुमेह असेल तर स्टिरॉइडने साखर वाढते, तेही विचारून ठेवा. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने घेणं मात्र नको, आणि बिनलेबलच्या 'दम्याच्या पुड्या' तर अजिबात नकोत. कषाय, म्हणजे घरचा काढा, प्यायल्या तर पिऊ द्या, घशाला बरं वाटतं, पण ते पंपाच्या जागी नाही.

तिसरा, धावायचा दिवस. एक वाक्य पुरं बोलवत नाही, ओठ किंवा नखं निळसर दिसतात, छातीत दुखतं, आई गोंधळल्यासारखं बोलतात किंवा नेहमीपेक्षा जास्त पेंगतात. तेव्हा फोनाफोनी आधी भावा-बहिणीची नाही, १०८ ला.

ऑक्सिमीटरबद्दल भावाला माझा निरोप द्या. तो काळजीनेच करतोय. पण सीओपीडीच्या काही रुग्णांचा चांगल्या दिवसाचा आकडाच ९२ च्या आसपास असतो. हॉस्पिटलात ऑक्सिजन देतानाही अशा रुग्णांना बहुधा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात, कारण जास्त ऑक्सिजनने काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि गुंगी येते. आईंचा स्वतःचा नेहमीचा आकडा कोणता आणि किती खाली आला तर कळवायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर घ्या. मग दिवसातून एखाद्या वेळी, शांत बसल्यावर, बोट गरम असताना मोजा. नेलपॉलिश किंवा मेंदी असली तर आकडा चुकू शकतो. सारखं बोट धरलं की आई घाबरतात, घाबरल्या की दम वाढतो.

आणि भावाची सिगारेट. तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात, मला नाही जाता येत. सोप्यावरचा धूर दारातून आत येतो, कपड्यांना चिकटून येतो. महागड्या औषधाने जे कमावलं ते अशाने जातं. बाहेर, घरापासून दूर ओढणं ही पहिली पायरी, सोडणं हेच खरं. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवायला मदत करणारी राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे, नंबर त्याला द्या. न्हाणीतलं भाणही आता लाकडांवर नको. अंगणात पाचोळा जाळतात तेव्हा, काजूच्या भट्ट्या पेटतात तेव्हा, दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री आणि चवथीच्या फटाक्यांच्या वेळी आईंनी खिडक्या लावून आत बसावं. डासांची कॉइल बंद, मच्छरदाणी लावा.

पण म्हणून त्यांना खाटेवर बसवून ठेवू नका. 'तू काही करू नकोस' हे प्रेमाने म्हटलं जातं आणि त्यातून नुकसान होतं. बसून राहिलं की पायांची ताकद जाते, मग चार पावलांनाही दम लागतो, मग आणखी बसणं. रोज अंगणात सपाटीवर चालायला लावा. थोडा दम लागला तरी चालेल, बोलता आलं पाहिजे. श्वास नाकाने घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळू फुंकर घातल्यासारखा, दुप्पट वेळ लावून सोडायचा. उठताना, कळशी उचलताना, पायरी चढताना फुंकर बाहेर, हे बायकांना पटकन जमतं. विळीवर खाली वाकून बसलं की पोट दाबलं जातं आणि दम लागतो, तेव्हा नारळ खोवायचं, भाजी चिरायचं काम टेबलापाशी खुर्चीवर द्या. पोटभर एकदम जेवण्यापेक्षा थोडं थोडं चार-पाच वेळा, पेजेबरोबर मासळी किंवा अंडं असू द्या. वजन उतरायला लागलं तर डॉक्टरांना सांगा. फिजिओथेरपिस्टकडे फुफ्फुसांसाठीचा व्यायामाचा कार्यक्रम मिळतो. हॉस्पिटलातून परत आलेल्या रुग्णांना त्याचा फार फायदा होतो, त्याची चिठ्ठी मागून घ्या.

भजनालाही परत जाऊ द्या. मागे बसून, अर्ध्या ओळी म्हणून, पंप पिशवीत ठेवून. सगळ्यांदेखत तिथे एकदा पंप ओढला की लपवण्याचं ओझं जाईल. आणि मंडळातल्या आणखी एखाद्या बाईलाही दम लागत असेल, ती येऊन विचारेल. आईंनी तिला मशीन कसं ओढायचं ते शिकवलं तर तुम्हाला त्यांची वेगळी परीक्षा घ्यावी लागणार नाही.

पाऊस सुरू होण्याआधी फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते, न्यूमोनियाचीही लस असते. दोन्हींबद्दल याच भेटीत विचारा. आणि एक रात्रीची तयारी. तुमच्या गावाहून बांबोळी काही जवळ नाही. फाइल, पंप, मशीन, स्पेसर, तो एक कागद आणि ओळखपत्रं एका पिशवीत भरून दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवा. भाऊ घरी नसेल तेव्हा कोण येईल, त्या शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा. पिशवी कुठे आहे ते शेजाऱ्याला आईंनीच दाखवू दे.